बटण ऐकतं कसं

रविवारची सकाळ होती. चहाचे कप विसळायचे राहिले होते आणि ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एक व्याख्यान ऐकत होती. व्याख्यान देणारा तरुण वेबसाइट बनवायची नवी पद्धत समजावत होता, ती कागदावर चौकोन आणि बाण काढत होती, आणि समोर बसलेले बाबा तो कागद उलट्या बाजूने वाचत होते. तरुणपणी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेल्या माणसाला उलटं अक्षर सुलटच दिसतं.

"हे तू मागच्या वर्षी शिकलीस ना?"

"ते वेगळं होतं, बाबा. ते आता जुनं झालं."

"वर्षभरात? तुमच्या धंद्यात दुधाच्या आधी विद्या नासते."

ती हसली. नंतर वाचू म्हणून उघडून ठेवलेल्या पानांची रांग स्क्रीनवर इतकी दाटली होती की त्यांची नावंही दिसेनाशी झाली होती.

"मला हे येत नाही," कागदावर बोट ठेवून बाबा म्हणाले. "जरा समजावून सांग."

हे वाक्य ते कुणापुढेही बोलत. बँकेतल्या मुलीपुढे, फोन दुरुस्त करणाऱ्यापुढे, आणि तेही तांब्याभर पाणी मागावं इतक्या सहज. शेजारी उभ्या असलेल्या तिलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

तिने सांगितलं. आतापर्यंत आम्ही वाचकाच्या फोनकडे नुसतं सामान पाठवायचो, पान तिथे जाऊन जुळायचं. जुने फोन अगदी मेटाकुटीला यायचे. आता पान इकडेच तयार करून पाठवायचं.

"म्हणजे छापून. मग आम्ही काय वेगळं करत होतो? 'हे घ्या खिळे, ही घ्या शाई, तुमचं तुम्ही छापा,' असं आमचा मालक कुठल्या गिऱ्हाइकाला म्हणाला नाही कधी."

ती हसत होती तोवर बाबा पुन्हा कागदात शिरले होते. "पण मला सांग, पान जर छापूनच आलं, तर त्यावरचं बटण दाबल्यावर ते ऐकतं कसं?"

तिचं हसू थांबलं. त्या गोष्टीला एक नाव होतं आणि ते तिला ठाऊक होतं. आकृतीही तिने दोनदा पाहिली होती. पण नावाच्या पलीकडे हात घातला की तो रिकामाच परत यायचा.

"ते लांबण आहे. संध्याकाळी सांगते."

"तुला येतं ना पण?"

"येतं की."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग कप उचलून विसळायला गेले.

संध्याकाळी तिचं ऑफिसचं काम निघालं. बाबा जेवून लवकर झोपले, आणि सकाळी उठलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर ती कामावर गेली. पहिल्याच बैठकीत विषय निघाला वाचनालयाच्या साइटचा. लोक घरबसल्या तिथे पुस्तकं राखून ठेवत. ती साइट तिनेच बांधली होती आणि आता ती नव्या पद्धतीवर न्यायची होती.

"तुमचंच लेकरू आहे," मॅनेजर म्हणाला. "तुम्हीच न्या. ही पद्धत येते ना तुम्हाला?"

गेली दोन वर्षं अशा प्रश्नांना तिने मानेनेच उत्तरं दिली होती. समोर नवी मुलगी बसली होती. कीबोर्डवर बोटं अशी फिरवायची की सगळे तिला वावटळ म्हणत. या मुलीला ही पद्धत येत होती. नाही म्हटलं तर काम वावटळीकडे जाणार आणि आपण जुन्या साइट सांभाळणाऱ्या होऊन बसणार. हो म्हटलं तर इकडचं तिकडचं जोडून साइट उभी राहील, आणि कुठेतरी कुणी न ऐकणारं बटण दाबत बसेल.

तिला बाबांची एक गोष्ट आठवली. छापखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा मालकाने सगळ्यांना विचारलं होतं, कुणाला येतं? भराभर हात वर झाले. बाबा म्हणाले, मला येत नाही, दाखवा. "हात वर करणाऱ्या एका शहाण्याला यंत्र चालू कुठून करायचं तेच सापडेना," एवढं सांगून बाबा दर वेळी स्वतःच आधी हसत. ती याला विनोद समजत आली होती. त्यानंतर खिळ्यांची छपाई बंद पडली, पुढे ते कॉम्प्युटरही मोडीत निघाले, तरी बाबा कामावर टिकून राहिले होते. ते कसे, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

मॅनेजर वाट पाहत होता. 'येतं की' तिच्या ओठांवर आलंच होतं. ती वावटळीकडे वळली.

"मला हे येत नाही," ती म्हणाली. "पान तयार होऊन येतं, इथवर कळतं. पुढे बटण दाबलं की ते ऐकतं कसं, एवढं मला जरा समजावून सांग."