प्लास्टिकमधला सेन्सर

उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थिनरची विषारी वाफ वाढली की वाजणारा सेन्सर तिनं स्वतः तळवड्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं राबून बनवला होता. केसाहून हजारपट बारीक कणांचा थर होता त्यावर. चाकणच्या या कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये तो सहा महिने भिंतीवर होता आणि त्यावरचं प्लास्टिक अजून कुणी काढलं नव्हतं!

"नवी वस्तू मॅडम, रंगाचे शिंतोडे उडून खराब झाली असती," मॅनेजर घोलप कौतुकानं म्हणाले. "माझ्या गाडीच्या सीटांवरचंही मी काढलेलं नाही. आणि एकदाही वाजला नाही बघा. आमची हवा एकदम स्वच्छ!"

"नाक दाबून धरल्यावर वास कसा येणार हो?" उत्कर्षा कडाडली आणि स्टुलावर चढून तिनं ते प्लास्टिक टराटरा फाडलं.

मिनिटभरात सेन्सर असा कोकलायला लागला की सगळ्या कामगारांचे हात थांबले.

"चांगला होता, हात लावून बिघडवलात ना?" घोलप ओरडले. "बंद करा आधी!"

थिनरनं पार्ट पुसणारी सारजाबाई फडकं आपटून उठली. चार महिने ती रोज भोवळ येते म्हणून सांगत होती आणि घोलप रोज तिच्या उपासांना दोष देत होते.

"साहेब, तुमचं ऐकून मी सोमवार सोडला, चतुर्थी सोडली," ती घोलपांसमोर येऊन उभी राहिली. "आता ह्यो बोंबलतोय, तर ह्याला कोणता उपास सोडायला सांगताय?"