दोन गाड्यांत एक डिस्ट्रिब्युटर

आमचे हे आणि माझे धाकटे दीर, दोघांकडे एकाच कंपनीच्या जुन्या गाड्या. ह्यांची चार वर्षांनी थोरली. कुणाची भारी, यावरून सख्ख्या भावांचा अबोला! मी तर कपाळाला हात लावला होता.

मग ह्यांच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, कामातून गेला. जावेनं दिरांच्या गाडीतला काढून गुपचूप माझ्या हातात ठेवला. ह्यांनी नाक मुरडत बसवला. गाडी धडाधड बार काढू लागली, तसे शेजारून दीर धावत आले.

"दादा, उलटा बसवलायस! माझ्या मॉडेलचा अर्धा फेरा फिरवून बसवायचा."

फिरवला, आणि इंजिन असं गोड गुरगुरलं की दोघं एकमेकांना टाळ्या देऊ लागले.

तेव्हापासून एका रविवारी ही गाडी, पुढच्या रविवारी ती. दोघं शेजारी बसून भांडत फिरतात आणि "दुसरा डिस्ट्रिब्युटर कुठं मिळतच नाही," म्हणून हळहळतात.

मिळालाय की! त्याचं पार्सल आम्ही जावांनी शिवणयंत्राच्या खणात दडवलं होतं. काल दोरा घ्यायला खण उघडला, तर पार्सल फोडलेलं. आणि डिस्ट्रिब्युटर तेल लावून, ह्यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, परत तिथंच ठेवलेला.