कोरडी चिलीम

टप्प.

पितळी वाटीत थेंब पडला. एवढासा आवाज, पण दुपारच्या निपचित घरात तो गल्लीपर्यंत ऐकू गेला असावा असं वर्षाराणीला वाटलं. तिनं दचकून आतल्या खोलीकडं पाहिलं. संयू पायानं चादर लाथाडून तशीच झोपली होती. मग ती परत ओट्यावर वाकली.

गॅसवर किटली उकळत होती. किटलीच्या तोटीला रबरी नळी, नळीचं दुसरं टोक पितळेच्या एका छोट्या नळकांड्यात, आणि नळकांड्याच्या कुशीतून बाहेर आलेला शिसवी लाकडाचा दांडा. दांड्याच्या तोंडाखाली तिनं वर्तमानपत्राचा कपटा ठेवला होता. आजवर दर वेळी त्या कपट्याचा लगदा व्हायचा. आज दांड्यातून वाफ येत होती, कपटा मात्र कोरडा होता. पाणी जिथं जायला हवं तिथंच, नळकांड्याच्या बुडाला बसवलेल्या वाटीत, उतरत होतं.

टप्प.

ती एकटीच हसली. मग गाऊनला हात पुसून गॅस बंद केला.

लग्नाआधी ती शिरोलीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होती. संयू झाली आणि ते सुटलं. त्यानंतर पेन्सिल हातात यायची ती हत्ती काढून द्यायला. हे नळकांडं तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढलं होतं, तेही एका बैठकीत नाही. संयू झोपली की थोडं, भात शिजेपर्यंत थोडं. नवऱ्यानं, सयाजीनं, उद्यमनगरातल्या आपल्या लेथवर ते कातून आणलं. पहिलं शिट्टी मारायचं. दुसऱ्यातून पाणी उलटं दांड्यात चढायचं. मग एका दुपारी संयूला मांडीवर थोपटता थोपटता तिला उमगलं, की धूर वळतो, पाणी वळत नाही. आतली नळी निम्म्यापर्यंत खाली न्यायची. धूर तिथून वळून वर दांड्याकडं जाईल, ओल मात्र सरळ खाली पडेल. वाटीला आटे पाडायचे, म्हणजे फिरवली की निघेल. उपडी केली की संपलं. तार घालायला नको, बोळा फिरवायला नको. हात लावायला नको.

हात लावायला नको, इथं आलं की तिचं हसू दर वेळी जागच्या जागी विरायचं.

सयाजीच्या वर्कशॉपमध्ये आणि तिथून गल्लीत सगळीकडं झालं होतं, की केरबाच्या सुनेनं सासऱ्यासाठी नवी चिलीम काढली. शेजारची ताजबी भाजी निवडता निवडता म्हणाली होती,

"माझ्या सुनंनं मला कधी चष्मा पुसून दिला न्हाय. तू तर मशीन काढलीस की ग म्हाताऱ्यासाठी. नशीब लागतं."

वर्षाराणी मान खाली घालून घेवड्याच्या शिरा काढत राहिली होती. ताजबीला वाटलं, पोरगी लाजली.

केरबा जन्मभर फौंड्रीत मोल्डर होता. वाळूचे साचे करायचे आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. एकदा रस उडाला आणि उजव्या हाताची बोटं आखडली ती कायमची. त्या बोटांनी चिलीम धरता यायची, पण तिच्यात तार घालून कीट काढता यायचं नाही. ते काम त्याच्या बायकोचं, विठाबाईचं. रोज सकाळी न्हाणीशी बसून ती चिलीम खरवडायची, चिलमीच्या तोंडाला गुंडाळायचं छापीचं फडकं चोळून धुवायची, आणि केरबा न्हाणीच्या पायरीवर चहा पीत बसायचा. विठाबाई गेली, आणि दिवसपाण्यानंतरच्या पहिल्याच सकाळी केरबा चिलीम घेऊन त्या पायरीवर येऊन बसला. नुसता बसला. वर्षाराणीनं चिलीम त्याच्या हातातून घेतली.

तेव्हापासून ती रोजच घेत आली. पण त्या काळ्या, चिकट, ओल्या किटाची तिला शिसारी यायची. चिलीम हातात घेतली की ती श्वास रोखायची, आणि काम होईपर्यंत तोंड भिंतीकडं करून मधेच थोडासा श्वास घ्यायची. तिला वाटायचं, हे कुणाला दिसत नाही. मागं पायरीवर केरबा बोलत असायचा. दिवसभर घुम्यासारखा असणारा हा माणूस तेवढ्या वेळात मात्र बोलायचा. रसाचा रंग कसा ओळखायचा, लाल असेल तर कसं थांबायचं, पिवळा झाला की कसं ओतायचं. ती "व्हय मामा, व्हय मामा" म्हणायची, आणि कधी एकदा हात साबणाखाली जातायत असं तिला व्हायचं.

मग ती सकाळ आली. साबणानं दोनदा हात धुऊन तिनं संयूला उचललं, केसांवरून हात फिरवला, आणि पोरीनं नाक मुरडून तिचा हात बाजूला ढकलला.

"आई, तुझ्या हाताला आज्जाचा वास येतोय."

केरबा तेव्हा कुठं होता? पायरीवर की आत गेलेला? तिनं पुष्कळदा आठवून पाहिलं, पण आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की त्याच दुपारी तिनं कॅलेंडरचं पान फाडलं.

रविवारी सगळे घरात असताना सयाजीनं नवी चिलीम वडिलांच्या हातात ठेवली. ताजबीही मुद्दाम बघायला आली होती. वर मातीचंच भांडं ठेवलं होतं, कारण पितळ तापतं. खाली चकचकीत नळकांडं आणि पॉलिश केलेला दांडा. केरबानं ती उलटीपालटी करून पाहिली. आखडलेल्या बोटांनी वाटी फिरवली. ती लोण्यासारखी निघाली, परत बसली.

"आटं चांगलं पाडलंईस," तो सयाजीला म्हणाला.

"मी नुसतं कातलं. डोकं हिचं हाय," सयाजी म्हणाला. "दोन डाव फुकट गेलं तरी सोडंना. म्हटलं, चिलीमच हाय, रॉकेट न्हाय."

ताजबी हसली. केरबानं निपाणीची तंबाखू भरली, निखारा ठेवला, आणि एक लांब झुरका घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं धूर सोडला. ओठांवरून जीभ फिरवली.

"कोरडी हाय की."

"मग!" ताजबी म्हणाली. "सून हाय का कोण!"

केरबानं चिलीम मांडीवर ठेवली. वर्षाराणीकडं न बघता, जणू सहज सुचलं म्हणून, तो म्हणाला,

"बरं झालं. तुझ्या हातास्नी वास लागत हुता."

सयाजी ताजबीला आट्यांचं काही सांगत होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. वर्षाराणी चहाचे कप गोळा करून आत गेली आणि ते कप तिनं गरज नसताना कितीतरी वेळ विसळले. त्याला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. तिचं भिंतीकडं फिरलेलं तोंड, रोखलेला श्वास, सगळं त्या पायरीवरून दिसत असणार. आणि तरी तो रोज येऊन बोलत बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा सवयीनं न्हाणीच्या पायरीवर आला. हातात चहाचा कप होता, दुसरा हात मोकळा. वर्षाराणी कपडे भिजवत होती. तिनं वर पाहिलं.

"मामा, चिलीम?"

"चांगली हाय. वाटी वतून टाकली मीच."

तो थोडा वेळ बसला. रिकाम्या हातानं गुडघा चोळला. काहीतरी बोलेल असं तिला वाटलं, पण त्याला बोलायला तिच्या हातात त्याचं काही काम लागायचं, आणि तसं काहीच उरलं नव्हतं. कप ठेवून तो उठला. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. पुढं घरातच, खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागला. जेवण झालं की "झालं" म्हणायचा, औषध घेतलं की "घेतलं". सयाजी म्हणाला, "आबांचं वय झालं." सकाळचं तिचं काम हलकं झालं होतं, हाताला साबणाचा वास येत होता, संयू गळ्यात पडून तिचे तळवे हुंगायची. आणि न्हाणीशी बसलं की पाठीमागची ती रिकामी पायरी तिला टोचायची. विचारावं तरी काय? मामा, तुम्ही बोलत का नाही? तो म्हणाला असता, तूच तर सोय केलीस.

मग एका सकाळी पायरीवर पावलं वाजली.

"पोरी, हे बघ जरा. काय तर बिघडलंय हेच्यात."

तिनं चिलीम घेतली. वाटी काठोकाठ भरलेली, दांड्यातूनही तांबूस पाणी गळत होतं. आतली नळी आखूड पडली असणार. नाहीतर दांड्याचं भोक खाली गेलं. एवढं नावाजलं सगळ्यांनी, आणि...

"थांबा मामा. सोडवून बघते."

सवयीनं तिनं श्वास रोखला, तोंड भिंतीकडं केलं आणि वाटी फिरवली. केरबा पायरीवर टेकला. त्यानं चहाचा घोट घेतला, घसा साफ केला.

"कुठवर आलतो मी?"

"कशात?"

"ते सांगत हुतो न्हवं तुला मागं."

तिला वाटलं होतं की आपण कधी काही ऐकलंच नाही. पण तोंडातून निघून गेलं,

"मोठ्या चाकाचा साचा फुटला, आणि मुकादम तुमच्यावर धावून आला. तिथवर."

केरबानं कप खाली ठेवला. मग "व्हय. तिथवर," असं म्हणून सांगत सुटला.

तिनं नळी साफ केली, वाळवली, कॅलेंडरचं पान काढून मापं ताडून पाहिली. कुठं चूक दिसेना. दुसऱ्या सकाळी चिलीम परत तुंबली. सयाजीनं वर्कशॉपवर नेऊन वॉशर बदलला, म्हणाला, "आटं बरोबर हायती, नळी बरोबर हाय. तूच बघ बाई तुझं काय चुकतंय." तिनं आतली नळी लांब करून घेतली. चिलीम तरीही तुंबायची. आता तिला लोकांची लाज वाटू लागली होती. ताजबीनं विचारलं, "चालतीया का ग मशीन?" तर ती "चालतीया की" म्हणून मोकळी झाली.

एक मात्र होतं. किटाचा तो चिकटा आता हाताला लागत नव्हता. पाणी पातळ असायचं, धुतलं की लगेच निघायचं. वरच्या मातीच्या भांड्यात राखही दिसायची नाही. त्याचा अर्थ लावायला तिला सवड नव्हती. पायरीवरच्या गोष्टीत मुकादम येत होता, जात होता. विठाबाई नवी नवरी असताना फौंड्रीच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहायची आणि कामावरून बाहेर आलेला नवरा तिला ओळखूच यायचा नाही.

"का ओळखायची न्हाई?" वर्षाराणीनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"सगळीच काळी. कुठला आपला म्हणून वळखायचा? मग तिनं युक्ती काढली. फाटकात हुभी ऱ्हाऊन मोठ्यानं म्हणायची, कालवणात मीठ न्हाय आज. जो तोंड वाकडं करंल त्यो आपला."

वर्षाराणी खळखळून हसली. हसता हसता रोखलेला श्वास सुटला, आणि तिनं हातातल्या वाटीवरच पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आलं. आल्याचा वास.

तिनं वाटी नाकाजवळ नेली. आलं, साखर, दूध. सकाळी तिनंच पातेल्यात किसून टाकलेलं आलं. वाटी हातात तशीच धरून ती मागं वळली. दाराशी ताजबीनं हाक मारली म्हणून केरबा तेवढ्यात उठून गेला होता. पायरीवर त्याचा कप होता. शेजारी फडताळाच्या कडेला निपाणीच्या तंबाखूची नवी पुडी. तिच्यावरचा दोरा अजून गाठ मारलेला होता, आणि वर बारीक धूळ बसली होती.

संयू अंगणातून धावत आली आणि आज्जाच्या जागेवर बसली. कपात डोकावली.

"आई, आज्जाला तुझा चहा आवडत न्हाय?"

"आवडतो की. का ग?"

"मग तुझ्याकडं यायच्या आधी निम्मा त्या चिलमीला का पाजतो?"