सहा मजले

कारावेलाससरांनी लाल पेन्सिलीने विद्यार्थिनीच्या नकाशावर फुली मारली आणि वर न बघताच लेकीच्या हातातून कॉफीचा कप घेतला.

"हिला म्हणावं, कोंबड्यांची खुराडी बांध."

एव्हान्थियाने त्या फुलीकडे पाहिलं. अथेन्सच्या विद्यापीठात वास्तुकला शिकवताना छत्तीस वर्षं बाबांनी हेच केलं होतं. दरवर्षी पहिल्या तासाला ते एका सहामजली इमारतीचा फोटो दाखवत. अंगणाची जुनी घरं बिल्डरला पाडायला द्यायची, बदल्यात फ्लॅट घ्यायचे, या हावेनेच शहराचं वाटोळं केलं, असं सांगत. मग म्हणत, मी स्वतः यात राहतो, ही माझी शिक्षा. वर्ग हसायचा.

आजोबांचं अंगण देऊन तीन फ्लॅट बाबांनीच घेतले होते. आणि इमारतीचा नकाशाही त्यांनीच काढला होता, सही तेवढी बिल्डरच्या इंजिनियरची. सतराव्या वर्षी माळ्यावर तिला त्या नकाशांची गुंडाळी सापडली, बाबांच्या अक्षरातली. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य तिने मनातल्या मनात थुंकून टाकलं. तोंडावर कधी काही बोलली नाही.

"साखर कमी आहे," बाबा म्हणाले.

तिने साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

दफन आटोपून मंडळी कॉफी-ब्रँडीला घरी आली. विभागप्रमुख क्लेओमेनिस बाबांचाच विद्यार्थी. तो पेला घेऊन गॅलरीत उभा राहिला. सरांवर पुस्तक काढायचं ठरलंय, पहिल्या पानावर या इमारतीचा तोच फोटो असेल, असं त्याने तिला सांगितलं.

"एवढा मोठा माणूस, आणि जन्म काढला या खोक्यात. ज्या गाढवाने हे काढलं त्याचं नाव कळलं असतं, तर तेही छापलं असतं."

बाकीचे हलकेच हसले. हसण्याची ढबसुद्धा बाबांकडूनच उचललेली.

एव्हान्थियाने आत पाहिलं. चार वाजले होते, तरी ऊन उंबऱ्यापाशीच थांबलं होतं आणि खोलीभर नुसता उजेड होता. गॅलरीचा कठडा मुद्दाम बुटका ठेवलेला, पलंगावरून रस्ता दिसावा एवढाच. बाबांनी हा नकाशा काढला त्या वर्षी आजीने अंथरूण धरलं होतं.

"छापा," ती म्हणाली. "पोलिक्रोनिस कारावेलास."

क्लेओमेनिसचा पेला ओठांपाशीच राहिला.

"आणि खाली लिहा, त्यांच्या मुलीला हे घर फार आवडतं. त्यांना सांगायचं राहिलं."