डाव्या बाजूचा जबडा

जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दहा वर्षांचे केसपेपर हवे होते. कुणाचा जबडा मोडला, वय काय, कशाने मोडला, नेमका कुठे मोडला, सगळं तक्त्यात भरायचं होतं. रेकॉर्ड खोलीतला कारकून रोज सकाळी गठ्ठे काढून द्यायचा आणि समोर बसून नोंदी वाचून दाखवायचा. हळूहळू त्यालाही त्यात गोडी वाटू लागली. बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं, मोटरसायकलवरून पडलेली, तीही शनिवार-रविवारीच.

"सोमवारी निदान बडबड तरी बंद," तो म्हणायचा आणि बाई हसायच्या.

बायकांच्या कागदांवर मात्र कारणाच्या जागी बहुतेक एकच शब्द असायचा. पडून.

"काका, हे बघा," एका दुपारी बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "माणूस तोंडावर आपटला की बहुतेकदा मार हनुवटीला बसतो. धक्का वर जातो आणि कानापाशी हाड मोडतं. या बाईंची हनुवटी धड आहे. मोडलंय डाव्या कोपऱ्यात, कानाच्या खाली. समोरच्याने उजव्या हाताने ठोसा मारला की इथे मोडतं."

"दर वेळी?"

"दर वेळी नाही. पण अशा अकरा झाल्या. सगळ्या पडलेल्याच."

तो उठला. चहा सांगून येतो म्हणाला आणि मागच्या रॅककडे गेला. साल त्याला पाठ होतं. धाकट्या बहिणीचा कागद सापडायला वेळ लागला नाही.

अक्षर त्याचंच होतं. नऊ वर्षांपूर्वी तो अपघात विभागाच्या खिडकीवर बसायचा. मेहुणा तिला घेऊन आला होता. तिच्या तोंडाशी टॉवेल होता. "जिन्यावरून पडली, दुसरं काय," मेहुणा म्हणाला आणि कारकुनाने ते लिहूनही टाकलं. वर तिलाच म्हणाला, "बघून चालत जा गं." तिने टॉवेलच्या वरून त्याच्याकडे पाहिलं होतं. दुखत असेल, असं त्याला वाटलं होतं. पुढे सहा आठवडे तिचे दात तारांनी बांधलेले होते. दर रविवारी तो रस घेऊन जायचा आणि मेहुण्याशी गप्पा मारून परत यायचा.

कागदाच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिलं होतं: हनुवटी ठीक, डावा कोपरा.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. मेहुणा वर्षभर अंथरुणाला खिळला होता, अर्धं अंग गेलेलं. ती त्याला चमच्याने दूध पाजत होती. ते झाल्यावर दोघं स्वयंपाकघरात येऊन बसली.

"तुझा जबडा मोडला होता ना," तो म्हणाला, "तू पडली नव्हतीस."

तिने भांडं विसळून पालथं घातलं.

"आज कुठून कळलं?"

"कागदावरून. आमच्या डॉक्टरीणबाई जुन्या नोंदी लिहून काढतायत."

"कागदावरून," ती म्हणाली. "दादा, मी तुझ्यासमोर उभी होते."

"तू तेव्हा काही..."

"मला तोंड उघडता येत नव्हतं. तू विचारलं असतंस तर मान हलवली असती. तेवढंच करायचं ठरवून आले होते मी. हे दुसऱ्या दवाखान्यात नेत होते, मीच हाताने खुणावून तुझ्याकडे आणायला लावलं."

त्याला तिच्याकडे बघवेना. तो म्हणाला, "माझ्याकडे राहायला चल."

"आता? आता ते हात उचलू शकत नाहीत, आणि मी कुणाला भिऊन येऊ?" आवाज चढला नव्हता. "तुमच्या बाई लिहितायत त्यात नाव येतं का?"

"नाही."

"मग खरं काय ते लिहायला सांग."

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सांगितलं, कोण ते न लपवता. त्यांनी बहिणीची नोंद 'पडून'च्या रकान्यात न करता 'मारहाण'च्या रकान्यात केली आणि पेन खाली ठेवलं. मग हलकेच म्हणाल्या, "काका, पुढचा गठ्ठा आज मीच काढते. तुम्ही बसा."

तो बसून राहिला.