वहिनीचा रिपोर्ट

वर्षभर माझ्या आईचं, झुंबरबाईचं, एकच पालुपद चाललं होतं, "चोरीसन गूळ खास ती." ती म्हणजे माझी भावजय दिपमाला. वय सव्वीस, अंगावर मूठभर मांस नाही आणि साखर तीनशेच्या खाली उतरत नाही. गावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आईनं कारल्याचा रस पाजला, अर्धीच भाकरी वाढली, गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. भाऊ दीपक म्हणजे नंदीबैल. आई म्हणेल तशी मान हलवायची.

मी धुळ्याला नर्स आहे. मला राहवेना. वहिनीला घेऊन गेले आणि जीएडी अँटिबॉडीची तपासणी करवली. त्या भरमसाट वाढलेल्या निघाल्या. म्हणजे टाइप वन मधुमेह. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीरानं मारल्या होत्या. गुळाचा काडीचा संबंध नव्हता आणि गोळ्यांनी भागणार नव्हतं. इन्शुलिन सुरू झालं. मी मोठ्या तोऱ्यात रिपोर्ट आईपुढे आपटला. "बघ! तिनं काही चोरून खाल्लं नाही. आजार तिच्या रक्तातच आहे."

आईनं उठून गुळाच्या डब्याचं कुलूप काढलं. मला वाटलं, ओशाळली. कसली ओशाळते!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुना माहेरी जातातच. वहिनी दोन्ही लेकरं घेऊन निघाली, तर आईनं दोन वर्षांच्या नातवाला तिच्या कडेवरून काढून घेतलं. "पोर तुन्हा रक्तनी शे, लई जाय. पोऱ्या आमना शे, आठेच ऱ्हाई." आम्हाला ती थट्टा वाटली; वहिनी एकट्या पोरीला घेऊन गेली.

आखाजी सरली, महिना गेला, तिला आणायला कोणी गेलं नाही. मी आईला जाब विचारला.

"खराब रक्त घरमा कसाले?" ती म्हणाली. "बरं व्हयनं, तू तपासी लिधं."

वर मलाच शाबासकी! मी भांडले, इन्शुलिन घेतलं की बाई चांगली जगते म्हणून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. दीपकनं तर माझा फोन उचलणंच सोडलं.

काल इन्शुलिन द्यायला वहिनीच्या माहेरी गेले. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेले होते. तिनं माझे पाय धरले.

"अक्का, मन्हा पोऱ्यानं भी रक्त तपासा ना. त्याले भी तसंच निंघनं, तं त्या मन्हाकडे धाडी देतीन."

"अगं, काय मागतेस तू? पोराला आजार निघावा?"

"कानबाईले नवस बोलनू मी," ती म्हणाली.