डावीकडची थाप

व्हर्न हॅलिगनने अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचं चित्रण थांबवलं, मागे नेलं आणि उठून पडद्यावर बोट ठेवलं. चेंडू होता तिथे नव्हे. चेंडूकडे बघायला क्लबाने बरीच माणसं पगारावर ठेवली होती.

बोट होतं क्रेचेक नावाच्या आडदांड पोराच्या उजव्या हातावर. चेंडू खेळात येण्याच्या क्षणभर आधी तो हात शेजारी वाकून उभ्या असलेल्या एमेट लिंडग्रेनच्या मांडीवर पडायचा. एक थाप पडली की एमेट झेलासाठी सुसाट सुटायचा. दोन पडल्या की जागीच समोरच्या धिप्पाड गड्याला छातीने रेटायचा. व्हर्नने पुढचा सामना लावला, मग त्याच्या पुढचा. थाप कुठे चुकत नव्हती. शेवटी एक डाव असा सापडला की क्रेचेक घोटा मुरगळून बाहेर बसला होता. त्या डावात सगळे पळाले आणि एमेट उभाच राहिला, चुकून परक्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा.

दोन वर्षं व्हर्न क्लबातल्या लोकांना सांगत आला होता, "या पोराची सुरुवात बघा. कुणीतरी ढकलल्यासारखा सुटतो." त्याने दिवा लावला आणि चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता.

एमेट खेळायचा ती टाइट एंडची जागा म्हणजे एकत्र कुटुंबातली मधली सून. थोरलीबरोबर चुलीपाशी राबायचं, म्हणजे धक्केबुक्के खायचे. धाकटीसारखं नटून पाहुण्यांपुढेही यायचं, म्हणजे धावत जाऊन झेल घ्यायचे. कौतुक दुसऱ्यांचं आणि बिघडलं की हिचं. अशी सून शोधण्यात व्हर्नचं आयुष्य गेलं होतं. क्लबासाठी पोरं हेरायला नेब्रास्कापासून डकोटापर्यंतची कॉलेजं त्याच्या वाट्याला होती, आणि या वसंतात त्याचा करार संपत होता. एमेट क्लबाच्या पदरात पडला तर करार वाढणार होता. हे कुणी बोललं नव्हतं, म्हणून ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या व्यायामशाळेत मोजमापं झाली. बत्तीस क्लबांची माणसं मुलगी बघायला आल्यासारखी खुर्च्यांवर रांगेने बसली होती. पोरं चड्डीवर येत, वजनकाट्यावर चढत, पंजा ताणून पट्टीवर ठेवत, चालून दाखवत. एमेटचा पंजा जाहीर झाल्यावर खुर्च्यांमधून कौतुकाचा हुंकार उठला. त्याच्या डोक्याचं माप मात्र कुणी घेतलं नाही. हेल्मेटवाल्याला लागतं तेवढं आधीच ठाऊक होतं.

दुपारी व्हर्नने एमेटला कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं. क्रेचेक न बोलावता आला आणि एमेटच्या डावीकडे बसला. खिमा-राजम्याची तिखट चिली आली, सोबत दालचिनीचे गोड रोल आले. एमेटने रोल चिलीत बुडवला आणि मामाची कालवड चर्चमध्ये शिरली होती ती हकिगत सांगितली. छान सांगितली. पाद्र्याने प्रवचन न थांबवता तिला पुढच्या बाकाकडे हात केला, तिथे तर तो बरोबर थांबलासुद्धा. तिघंही हसले.

चिली संपत आली तेव्हा एमेटने तोंड पुसलं.

"सर, माझ्या मामाची एक कालवड होती..."

पाद्र्यापाशी तो पुन्हा तिथेच थांबला. क्रेचेक पुन्हा हसला, मघाशी हसला होता तेवढंच, अगदी मनापासून. व्हर्नही हसला. मग त्याने उरलेला रोल बशीत ठेवून दिला.

एमेट हात धुवायला गेला तसा व्हर्न क्रेचेकला घेऊन बाहेर गाड्यांपाशी आला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून, सर?"

"बाळा, मी म्हातारा आहे. आंधळा नाही."

क्रेचेकने दोन्ही हात खिशात घातले. एवढा मोठा पोरगा, पण त्याला हात कुठे ठेवावेत कळेना.

"दोन वर्षांमागे एकाच मोसमात दोनदा डोकं आपटलं. दुसऱ्या वेळचं कुणाला सांगितलं नाही आम्ही."

"आणि डॉक्टर? ती आठवणीची परीक्षा घेतात ना?"

"मोसमाआधी एकदा घेतात. ती आम्ही सगळेच मुद्दाम वाईट देतो, सर. म्हणजे पुढे खरंच वाईट झाली तर फरक दिसत नाही."

"शाब्बास. घरी?"

"घरी कळलं तर खेळ बंद." तो बुटाच्या टोकाने खडी उकरू लागला. "इतर वेळी विसरतो तो. मैदानात खूश असतो. खेळ काढून घेतला तर त्याच्याकडे काय राहील, सांगा."

"आणि तिकडे, आमच्याकडे, थाप कोण मारणार?"

"मलाही घ्या ना, सर." तो पटकन बोलला, बहुधा बरेच दिवस घोकलेलं. "मी बेताचा आहे, माहीत आहे मला. स्वस्तात येईन. खेळवू नका हवं तर, सरावाला उभा करा. फक्त त्याच्या शेजारी."

व्हर्न काही बोलायच्या आत दार उघडलं. एमेट हसतमुखाने बाहेर आला, क्रेचेकला बघून आणखी हसला आणि व्हर्नपुढे हात केला.

"नमस्कार सर. मी एमेट लिंडग्रेन."

व्हर्नने तो मघाशी वाखाणलेला पंजा हातात घेतला.

"व्हर्न हॅलिगन," तो म्हणाला. "बरं वाटलं भेटून."

*

क्लबाचा कारभार डग रस्ककडे होता. त्याच्या खोलीत भिंतभर फळा होता आणि त्यावर पोरांच्या नावांच्या लोहचुंबकी पट्ट्या. वर्षातून एकदा निवड व्हायची, त्यात सगळे क्लब पाळीपाळीने, फेरीफेरीने कॉलेजातली पोरं उचलायचे, चांगली आधी; फळ्यावर एमेट तिसऱ्या फेरीच्या रांगेत होता. व्हर्नने सगळं सांगितलं. रस्कने मन लावून ऐकलं. त्याचा हा गुण सगळेच मानत.

"वाईट झालं," तो म्हणाला आणि उठला. त्याने पट्टी उचलली, पण खालच्या टोपलीत टाकली नाही. पाचव्या फेरीच्या रांगेत लावली.

"डग, मी काय सांगितलं?"

"ऐकलं की. अरे, तिसऱ्या फेरीच्या पोराकडून दहा वर्षं मागतात लोक. पाचव्याचा दोन मोसम टिकला तरी वसूल." पट्टी जरा तिरकी लागली होती, ती त्याने सरळ केली. "तू एक कर. इतर क्लबवाल्यांच्या कानावर घाल, पोराच्या डोक्याबद्दल काहीतरी ऐकलंय म्हणून. जास्त नको. पाचव्या फेरीपुरतं."

"आणि थाप?"

"थापेला काय लागतं? सतरा प्रशिक्षक पोसतोय मी. कुणीतरी मारेल." त्याने व्हर्नच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्या, बारीक नजर आहे तुझी. अशी माणसं सोडायची नसतात."

व्हर्न कुणाच्या कानावर काही घालायला गेला नाही. पण अशा गोष्टींना पाय असतात, आणि रस्ककडे आणखी माणसं होती.

*

निवडीच्या शेवटच्या दिवशी तिसरी फेरी गेली होती, चौथी गेली आणि पाचवी सुरू झाली. एमेटचं नाव अजून फळ्यावरच होतं. क्लबाची पाळी आली. नाव पुकारण्याआधी पोराला फोन करून तो धडधाकट आहे ना हे विचारायचं, आणि ते काम ज्याने पोरगा शोधला त्याचं, असा रिवाज होता.

"लाव फोन," रस्क म्हणाला. "घड्याळ चालू आहे."

खोलीत गलका होता, म्हणून व्हर्न फोन घेऊन दाराबाहेर गेला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"हॅलो?"

"एमेट, व्हर्न हॅलिगन बोलतोय."

"कोण?" मग जवळून कुणीतरी हळूच म्हणालं, "चिली. दालचिनीचे रोल."

"हां, सर! चिली!" एमेट आनंदाने म्हणाला. "सर, माझ्या मामाची एक कालवड होती, सांगितली का मी तुम्हाला?"

"नाही," व्हर्न म्हणाला. "सांग."

त्याने ती पाद्र्यापर्यंत ऐकली. मग फोन बंद केला, आत आला आणि दार लावून घेतलं.

"उचलत नाही."

"पुन्हा लाव."

"लावला. उचलत नाही."

रस्कने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. घड्याळ संपत आलं होतं. क्लबाने ओहायोचा एक टाइट एंड घेतला. गुडघा जरा वाईट होता, पण फोनवर पोरगा हजर होता.

व्हर्न मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. कॉफीचा कप त्याच्या हातात तसाच होता. पाचवी फेरी संपायला आली होती. आणखी थोडा वेळ, मग दुसरं कुणी विचारणार नाही, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं.

तेवढ्यात टीव्हीवर दुसऱ्या एका क्लबाने एमेटचं नाव पुकारलं.

"त्यांचा फोन बरा उचलला," रस्क म्हणाला. तो वळून बघायच्याही भानगडीत पडला नाही.

एमेटच्या गावच्या वाहिनीने त्याच्या घरी कॅमेरा लावला होता. दिवाणखान्यात पंधरावीस माणसं एकदम उसळली. आईने तोंडावर हात ठेवला, कुणाची तरी टोपी छताला लागून खाली आली. मधल्या सोफ्यावर एमेट बसला होता, टीव्हीकडे बघत, इतरांबरोबर हसत. कुणाचं नाव आलं म्हणून सगळे एवढे खूश झालेत, ते त्याला बघायचं होतं.

त्याच्या डावीकडे क्रेचेक होता. त्याने एमेटच्या मांडीवर हात ठेवला आणि जरा थांबला.

मग एकच थाप मारली.

एमेट उठला, दोन पावलं पुढे सुटला आणि पंजे उघडून वर बघू लागला.